पाटी दिसली नाही, पावती मात्र आली!

मैत्रिणींनो, मथळा वाचून तुम्ही पान उलटायच्या बेतात असाल. मालट्रक, रस्त्यावरच्या पाट्या, पोलिसांचा दंड, हा काय आपला विषय झाला? लोणच्याला बुरशी का येते, मुलांच्या डब्यात रोज नवीन काय द्यावं, हे सोडून हे भलतंच काय, असं वाटणं साहजिक आहे. पण एक करा. स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या डब्यांकडे जरा नजर टाका. साखर कोल्हापूरकडची, तूरडाळ लातूरची, हळद सांगलीची, कांदा लासलगावचा आणि चहा तर थेट आसामचा! कोपऱ्यातलं गॅसचं सिलिंडर, परवा आणलेलं धुण्याचं पावडर, मुलांच्या वह्यांचे गठ्ठे, यांतलं काहीच आपल्या पायांनी चालत आलेलं नाही. कुणीतरी रात्रभर डोळे ताणून गाडी हाकली, म्हणून ते आपल्या दारी आलं.

त्या माणसाला रस्ता सांगते ती पाटी. आणि पाटीच खोटं बोलली, किंवा बोलायची तेव्हा गप्प बसली, तर भुर्दंड त्याच्या खिशाला, म्हणजे पर्यायानं त्याच्या घरच्या चुलीला बसतो. त्या चुलीपुढे आपल्यासारखीच एक बाई असते. म्हणून हा विषय आपला.

पाटी फसवते कशी?

आपण रिक्षानं किंवा स्कूटरवर जातो, तेव्हा पाट्या फारशा पाहत नाही. चुकलोच तर चटकन वळून मागे येतो. दहा चाकी ट्रक असा वळत नाही हो. एकदा का त्याचं तोंड अरुंद रस्त्यात शिरलं, की मागे घ्यायला क्लीनर उतरवावा लागतो, दहा जणांचे हॉर्न नि शिव्या खाव्या लागतात. म्हणूनच 'अवजड वाहनांना प्रवेश बंद' ही पाटी वळणाच्या आधी, दुसरा रस्ता धरायला सवड मिळेल अशा जागी हवी. प्रत्यक्षात ती पुष्कळदा वळणावरच, नाहीतर वळून आत गेल्यावर भेटते!

दुसरा प्रकार झाकलेल्या पाटीचा. पावसाळ्यात कडुनिंबाची फांदी वाढते आणि पाटी पानांत गडप होते. फांदी नसेल तिथे कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भला मोठा फलक आडवा येतो. साहेबांचा हसरा चेहरा अर्ध्या मैलावरून दिसतो, पाटी मात्र दिसत नाही.

तिसरा प्रकार, पाटी आहे, दिसतेही आहे, पण वाचता येत नाही. गावात अवजड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असते. ती वेळ मोठ्या पाटीखाली बारीक अक्षरांत लिहिलेली. ऊन-पावसानं अक्षरं उडालेली. बंदी अकरापर्यंत की एकपर्यंत, हे धावत्या गाडीतून कुणाला कळणार? शिवाय ट्रक चालवणारा पंजाबचा नाहीतर तामिळनाडूचा असतो. आपला सोलापूरचा चालक तामिळनाडूत गेला की त्याचीही तीच गत. चित्र सगळ्यांना कळतं. चित्राखालची अट मात्र ज्याची लिपी त्यालाच कळते.

चौथा प्रकार शिळ्या पाटीचा. रस्त्याचं काम संपून वर्ष झालं, तरी 'पुढे काम चालू आहे, वळण घ्या' ही पाटी तिथेच उभी. किंवा एका खांबावर ताशी ४०, शंभर पावलांवरच्या दुसऱ्या खांबावर ताशी ६०. खरी कोणती मानायची?

आणि पाचवा प्रकार सगळ्यांत धोक्याचा, पुलाखालच्या उंचीचा. रेल्वेच्या पुलाखाली किती उंचीची गाडी जाईल, ते पाटीवर लिहिलेलं असतं. पण दर दोन-चार वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो. प्रत्येक थरानं रस्ता बोट-दोन बोटं वर येतो, पूल काही वर सरकत नाही. पाटीवरचा आकडा मात्र जुनाच राहतो. मग पाटीवर विश्वास ठेवून आत शिरलेला ट्रक अडकतो, ताडपत्री फाटते, माल सांडतो, आणि बघे म्हणतात, "ड्रायव्हर आंधळा होता काय?"

यात आता फोनमधल्या नकाशाची भर पडली आहे. तो मोटारीला जवळचा म्हणून जो रस्ता दाखवतो, तोच ट्रकवाल्यालाही दाखवतो. पुढे बंदी आहे की पूल बुटका आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

तीन आकार, तीन अर्थ

मी शाळेत मुलांना शिकवते, ते तुम्हालाही सांगून ठेवते. पाटीचा आकारच आधी बोलतो. तांबड्या किनारीची गोल पाटी म्हणजे हुकूम; तो मोडला की दंड. तांबड्या किनारीची त्रिकोणी पाटी म्हणजे सावधगिरी; पुढे वळण आहे, शाळा आहे, उतार आहे. चौकोनी पाटी म्हणजे माहिती. दवाखाना इकडे, पेट्रोल पंप तिकडे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११९ व्या कलमानं गोल तांबड्या पाटीचं ऐकणं चालकाला बंधनकारक केलं आहे. पाट्यांचे आकार, रंग आणि अर्थही याच कायद्याच्या परिशिष्टात ठरवून दिलेले आहेत. आपल्या मनानं कुणी पत्र्यावर रंगानं चार अक्षरं लिहून खांबाला टांगली, तर ती कायद्याची पाटी होत नाही.

दंडाचा हिशेब

पूर्वी शिट्टी वाजवून गाडी थांबवणारा हवालदार असायचा. पावती हातात पडायची, बोलाचाली व्हायची, पण काय चुकलं हे तिथल्या तिथे कळायचं. आता खांबावरचा कॅमेरा फोटो काढतो आणि ई-चलान फोनवर जातं. कुणाच्या फोनवर? गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली, त्याच्या! चालकाला ते कळतं महिन्या-दोन महिन्यांनी, पगाराच्या वेळी. तोवर त्याच पाटीवरून तो आणखी चार वेळा गेलेला असतो, आणि प्रत्येक वेळचं वेगळं चलान तयार असतं.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि दंड चांगलेच वाढले. महाराष्ट्रात वाढीव दर २०२१ च्या डिसेंबरात लागू झाले. किरकोळ नियमभंगाला कायद्यानं पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर १,५०० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. अवजड गाडीनं वेगमर्यादा ओलांडली तर २,००० ते ४,००० रुपये. ठरल्यापेक्षा जास्त माल भरला तर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

आता ताळा बघा. रस्ता नीट बांधणं, नीट राखणं ही ज्यांची जबाबदारी, त्यांच्यासाठीही याच दुरुस्तीनं एक कलम घातलं, १९८ अ. ठरलेल्या मानकांकडे दुर्लक्ष केलं तर ठेकेदाराला किंवा अधिकाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड. पण कधी? त्या दुर्लक्षामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तरच! नुसती पाटी झाकली गेली, त्यापायी पन्नास चालकांना दंड झाला, तर पाटीवाल्याला काहीच होत नाही. चालकाला मात्र सबब नाही. एकीकडे मोजमाप तोळ्याचं, दुसरीकडे खंडीचं, अशातला हा प्रकार आहे.

एका घराची गोष्ट

आमच्या ओळीतच एक ट्रकचालकाचं कुटुंब राहतं. गाडी मालकाची, हा पगारी चालक. बायको घरी ब्लाउज शिवते, दोन मुली शाळेत. गेल्या वर्षी एका संध्याकाळी ती फोन घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, हे जरा वाचून सांगा हो. मालकानं ह्यांच्या पगारातून साडेपाच हजार कापलेत, आणि हे म्हणतात, मी काही केलंच नाही."

चार चलानं होती. तीन एकाच जागेची, प्रवेश बंदची. एक पाचशेचं आणि दोन दीड-दीड हजारांची. चौथं वेग जास्त म्हणून, दोन हजारांचं. आम्ही दोघी चष्मे लावून फोटो बघत बसलो. वेगाच्या चलानावरचा फोटो मोठा करून पाहिला, तर गाडीच वेगळी! हिच्या नवऱ्याच्या गाडीचा शेवटचा आकडा आठ, फोटोतल्या गाडीचा तीन. रंगही निराळा. यंत्रानं तिनाचं आठ वाचलं होतं, आणि मधे कुणी माणसानं ते पडताळून पाहिलं नव्हतं.

राहिली ती तीन. ती जागा मार्केट यार्डाकडून गावात शिरणाऱ्या रस्त्यावरची. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी मुद्दाम तिकडून आले. पाटी होती, नाही असं नाही. पण तिच्यापुढे अभिनंदनाचा फलक बांधलेला, दोन्ही बाजूंनी सुतळीनं घट्ट. चालत गेलेल्या मला ती खांबापाशी पोचल्यावर दिसली. गाडीत उंच बसलेल्याला ती कुठून दिसणार? रात्री तिच्या नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बाई, पाटी शोधायला थांबलो तर मागचे हॉर्न मारतात, आणि नाही थांबलो तर कॅमेरा मारतो. मी करू काय?"

त्या महिन्याची मुलींची फी तिनं भिशीच्या पैशांतून भरली. चुकीच्या गाडीच्या चलानाची तक्रार संकेतस्थळावर नोंदवली, दोनदा वाहतूक शाखेत खेटे घातले, तेव्हा ते रद्द झालं आणि मालकानं दोन हजार परत केले. बाकीच्या तिन्हींसाठी फलकाआड गेलेल्या पाटीचे फोटो जोडून अर्ज दिला. ते प्रकरण पुढे लोकअदालतीत गेलं, तिथे तडजोडीनं रक्कम कमी झाली. पूर्ण माफ झाली नाही. पण फलक उतरला, आणि त्या रस्त्यानं जाणाऱ्या बाकीच्यांचा दंड वाचला, हेही काही थोडं नाही.

नियम काय म्हणतो?

हे सगळं पाहताना मला एक गोष्ट कळली, ती तुमच्या कानावर घालते. कायदा चालकाला बांधतो तसा सरकारलाही बांधतो. एखाद्या रस्त्यावर वेगाची मर्यादा ठरवली, तर तिथे तशी पाटी योग्य जागी लावायची, असं ११२ वं कलम सांगतं. पाटी झाकणारे किंवा पाटीसारखे दिसून फसवणारे जाहिरातींचे फलक काढून टाकण्याचा अधिकार पोलीस अधीक्षकांना देण्याची सोय ११६ व्या कलमात आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं कॅमेऱ्यांविषयी नियम केले. इथे कॅमेऱ्याची नजर आहे, असं सांगणारी पाटी ठळक जागी लावा. चलानाबरोबर गुन्हा आणि गाडीचा नंबर स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, जागा द्या. १५ दिवसांच्या आत नोटीस पाठवा, असं त्यांत म्हटलं होतं. म्हणजे 'आलं चलान, भरा मुकाट्यानं' असा काही कायदा नाही. विचारण्याचा हक्क आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचंच बघा. ९४ किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा हा रस्ता २००२ साली पुरा झाला. २०२४ च्या जुलैपासून तिथे कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा चालू झाली. तेव्हा अवजड गाड्यांना सपाटीवर ताशी ८० आणि घाटात ताशी ४० किलोमीटरची मर्यादा होती. घाटात वेग कमी हवाच. भरलेली गाडी उतारावर सारखी ब्रेकवर ठेवली तर ब्रेक तापून निकामी होतात. पण पंचवीस-तीस टनांची गाडी पाटी दिसल्याबरोबर ऐंशीवरून चाळिसावर येत नाही. दुधाचं भरलेलं पातेलं उचलून चालताना आपण एकदम थांबतो का? तसंच ते. मर्यादा बदलणार आहे, हे आधीपासून टप्प्याटप्प्यानं सांगणाऱ्या पाट्या हव्यात. २०२५ च्या जुलैच्या सुरुवातीला राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलानाविरुद्ध संप पुकारला, त्यामागे असाच साठत गेलेला संताप होता.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे

आता कुणी म्हणेल, "तुम्ही तर ट्रकवाल्यांची वकिली घेतलीत!" तसं नाही. दारू पिऊन गाडी चालवणारे, गाडी फुटेस्तोवर माल भरणारे, शाळेपुढून भरधाव जाणारे चालक मीही पाहते. पाच वाजता शाळा सुटली की मी फाटकाशी उभी असते आणि मोठी गाडी येताना दिसली की काळजात धस्स होतं. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. एवढ्या घरांत ताटावरचं एक माणूस कमी झालं. दंड नकोच, असं म्हणणारी मी नव्हे.

पण म्हणूनच पाटी धड हवी! शाळेच्या वेळेत गावात ट्रक येऊ नयेत म्हणून ती बंदीची पाटी आहे. ती फलकाआड गेली, तर चालकाला दंड होतो हे खरंच. पण ट्रकही शाळेपुढून जातोच ना? दंडानं तिजोरी भरेल, आपलं पोर सुरक्षित होणार नाही. ट्रकवाल्याची बायको आणि शाळेत मूल पाठवणारी आई, दोघींचं हित इथे एकच आहे.

घरातलं माणूस ट्रकवर असेल तर

१. चलान आलं की आधी फोटो मोठा करून पाहा. नंबर, रंग, तारीख, वेळ, जागा सगळं ताडून घ्या. त्या दिवशी गाडी कुठे होती, हे टोलच्या पावतीवरून, वजनकाट्याच्या चिठ्ठीवरून कळतं. म्हणून या चिठ्ठ्या निदान वर्षभर एका पिशवीत घालून ठेवा.

२. पाटी झाकलेली, पडलेली किंवा पुसलेली असेल, तर लगेच दोन फोटो काढा. एक जवळून, एक चालक जिथून येतो त्या अंतरावरून. महिन्यानं फोटो काढून उपयोग नाही, तोवर फांदी छाटलेली असते.

३. चलानावर मुदत लिहिलेली असते, ती आधी वाचा. तक्रार मुदतीतच करा आणि नोंदीचा क्रमांक वहीत टिपून ठेवा. थकलेली चलानं पुढे गाडीची कागदपत्रं करताना आडवी येतात.

४. फोनवर 'दंड भरा' म्हणून आलेल्या कुठल्याही दुव्यावर बोट ठेवू नका. खोटी चलानं पाठवून बँकेतला पैसा लुटणारे पुष्कळ आहेत. सरकारी संकेतस्थळाच्या नावाच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं. ते नसेल तर सोडून द्या.

५. पगारी चालक असेल, तर प्रत्येक चलान आल्याबरोबर कळवायचं, असं मालकाशी आधीच ठरवून घ्या. पहिलंच कळलं, तर पुढची टळतात.

६. पुष्कळ घरांत गाडी बायकोच्या नावावर घेतलेली असते. मग चलानही तिच्याच नावानं येतं. अशा बहिणींनी एक पक्कं लक्षात ठेवावं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे विचारावं. किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. लोकअदालतीला कोर्ट फी नाही. मात्र तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून मान डोलावण्यापूर्वी नीट ऐकून घ्यावं.

आणि बाकीच्या आपण?

आपल्या घरी कुणी ट्रक चालवत नसेल, तरी गाव आपलं आहे. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत एक ठरवा. गावात येणाऱ्या रस्त्यांवरून दोघी-दोघींनी एकदा चालून या आणि पाट्यांची यादी करा. कुठली झाकली आहे, कुठली वाकली आहे, कुठली उलटी फिरली आहे. एकदा अंधार पडल्यावरही जा. पाटीवर विजेरीचा झोत टाका. चांगली पाटी उजेडात चमकून उठते, खराब झालेली काळवंडलेलीच राहते.

मग अर्ज. गावातला रस्ता नगरपरिषदेचा, राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा. राष्ट्रीय महामार्गावरची अडचण असेल तर १०३३ क्रमांक आहे. अर्जाची एक प्रत वाहतूक शाखेला द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नका. उत्तर आलं नाही, तर माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. त्यात सरळ विचारा, या रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी कोणत्या अधिसूचनेनं, कोणत्या तारखेपासून केली? तिच्या पाट्या किती आणि नेमक्या कुठे आहेत? त्या शेवटच्या केव्हा तपासल्या? असे तीन प्रश्न गेले, की पुष्कळदा उत्तराच्या आधी पाटीच दुरुस्त होते.

आणि हो, आपल्या घरचा वाढदिवस, आपल्या मंडळाचा कार्यक्रम असेल, तेव्हा 'फलक पाटीवर बांधू नका' हे मुलांना आपणच सांगायचं. पाटी जाणूनबुजून झाकणं, वाकवणं, खरडणं हाही कायद्यानं गुन्हाच आहे.

घरात आपण मिठाच्या नि साखरेच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावतो. चिठ्ठी चुकली तर चहा खारट होतो, आणि तो पिणाऱ्याला कुणी दंड करत नाही, चिठ्ठी बदलतो. गावच्या रस्त्यांवरच्या चिठ्ठ्याही तशाच वेळोवेळी पाहायला हव्यात. या रविवारी दुपारची कामं आटोपली की निघा. आधी आपल्या मुलांच्या शाळेपासूनच सुरुवात करा.